पिना की बिजागऱ्या?

समीक्षा फक्त पुस्तकांचीच करावी, असा काही कायदा नाही. तेव्हा आज आम्ही मोटारीच्या झाकणाची समीक्षा करणार आहोत.

त्याचं असं झालं. ओहायोत राहणाऱ्या आमच्या भाच्यानं 1969 सालची जुनी मस्टँग घेतली. रात्री साडेअकराला फोन. "मामा, हूड पिनांचं घेऊ की बोल्टचं?" आमच्याकडे हूड असतं रिक्षाला. त्यामुळे अर्धा मिनिट आम्ही पावसाळ्याच्या तयारीबद्दल बोलत होतो. मग कळलं, तिकडे बॉनेटलाच हूड म्हणतात. दोन्ही झाकणं फायबरग्लासचीच. फरक काय तो बसवण्याचा.

पिनांचं झाकण म्हणजे बिजागऱ्यांना कायमची रजा. चार कोपऱ्यांत चार पिना. त्या काढल्या की अख्खं झाकण उचलून बाजूला. वजन कमी, इंजिन चहूबाजूंनी मोकळं. शर्यतीत पाव मैल, म्हणजे 402 मीटर धावायचं आणि परत येऊन इंजिनात डोकं घालायचं, तिथे याला तोड नाही. 1969 साली डॉजच्या सुपर बीचा आणि प्लिमथच्या रोड रनरचा एकेक प्रकार असलंच झाकण लावून थेट कारखान्यातून विक्रीला आला होता. म्हणजे कल्पना आगाऊ असली, तरी खानदानी आहे.

पण समीक्षकानं प्रयोग पाहून लिहावं. भाच्यानं मित्राच्या गाडीचं झाकण व्हिडिओ कॉलवर काढून दाखवलं. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला मित्र, अंतरपाट धरल्यासारखे! तो हिरवळीवर ठेवला न ठेवला तोच वारा आला आणि दोघेही त्यावर झेपावले. आमच्या बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या आणि दोन माणसं लागतात, तो तिजोरीचा गुण. पण इंजिनातलं तेल बघायला दोन माणसं लागावीत?

बोल्टचं झाकण मूळच्याच बिजागऱ्यांवर बसतं, मूळच्याच खिट्टीत अडकतं. थोडं जड, पण एकट्यानं उघडतं. एकच खोड. जुन्या स्प्रिंगा लोखंडी झाकणासाठी केलेल्या. हलक्या फायबरग्लासला त्या वाकवतात, कधी तडाही जातो. तेव्हा स्प्रिंगा नरम घालाव्यात.

आता मुख्य मुद्दा. खिट्टी सुटली, तर झाकण धरायला आत दुसरा आकडा असतो. पिनांच्या मागे असं कुणी उभं नसतं. घाईत पुढच्या पिना लावायच्या राहिल्या, तर वेगात वारा खाली शिरतो आणि झाकण येतं थेट समोरच्या काचेवर. शर्यतीत ड्रायव्हर एकटा, डोक्यावर हेल्मेट. इथे मागच्या सीटवर भाच्याची चिमुरडी बसणार, शाळेच्या डब्यासकट. आमचा निकाल झाला: शर्यतीला पिना, रस्त्याला बिजागऱ्या.

"पण मामा, पिना दिसतात भारी!"

"मग पुढे दोन लाव की शोभेला! मस्टँग माक 1 ला 1969 साली बिजागऱ्या असूनही पुढे पिना होत्याच. दिसायला दिसतील, आणि खिट्टीला सोबतही होईल."

भाच्यानं ऐकलं. समीक्षा वाचून कुणी शहाणं झाल्याचं उदाहरण मराठीत दुर्मीळ, म्हणून आम्ही दोन दिवस छाती काढून हिंडत होतो. तिसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन.

"मामा, बोल्टचं झाकण आलं. पण खोक्यातून बाहेर काढायला दोन माणसं लागली!"