गाणे त्यांचे, गळा आपला

दिवाळी-पहाट हा आता आपल्या सणाचा एक फराळच होऊन बसला आहे. अभ्यंगस्नान आटोपून, अंगाला उटण्याचा वास असतानाच लोक सतरंजीवर येऊन बसतात आणि सात वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आजींपर्यंत जो तो आपल्या गळ्याची हजेरी लावून जातो. मी ह्या मैफलींना आवर्जून जातो. गेल्या वर्षी आमच्याच सोसायटीच्या पटांगणात माझी सतरा वर्षांची नात गायली. मोबाइलवर मूळ गाण्याचे नुसते वाद्यसंगीत लावून तिने लताबाईंचे एक जुने गाणे म्हटले. हरकत न् हरकत जागच्या जागी! टाळ्यांचा पाऊस पडला. ‘अगदी हुबेहूब!’ असे जो तो म्हणाला, मीही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज पार बसला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करता करता तिने घोगऱ्या आवाजात मला विचारले, “आजोबा, सगळे म्हणाले हुबेहूब लताबाई. मग त्यात मी कुठे होते?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र वर्षभर डोक्यात घोळत राहिला. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे. आणि असा प्रश्न पडणारी मुले घरोघरी असल्यामुळे ते चारचौघांत द्यायला हरकत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नक्कल करणे हे पाप नव्हे. आपली गायनविद्या गुरुमुखातून येते, म्हणजेच नकलेतून येते. गुरूने ‘सा’ लावायचा आणि शिष्याने तो तसाच लावायचा, इथूनच तालीम सुरू होते. कुमार गंधर्वांचेच पाहा. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गाणी जशीच्या तशी म्हणून दाखवीत असे. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्याला मिळाले ते त्या वयातल्या गाण्यावर. १९३६ साली मुंबईच्या जाणकारांपुढे हे पोर गायले तेव्हा ऐकणारे थक्क झाले. नक्कल करणाऱ्याला स्वतःचा आवाज सापडत नाही असे म्हणावे, तर कुमारांइतके स्वतंत्र गाणे गेल्या शतकात फारच थोड्यांचे झाले. तेव्हा दोष नकलेत नसून तिथेच मुक्काम ठोकण्यात आहे.

हे मी अनुभवाने सांगतो. कॉलेजात असताना मी भीमसेन जोशींच्या गाण्याने झपाटलो होतो. त्यांची मान, त्यांचे आभाळाकडे झेपावणारे हात, तान घेताना होणारा चेहरा, सगळे मी उचलले. दम तेवढा उचलायचा राहिला! माझा गळा मुळात मऊ आणि लहान. त्यात मी भीमसेनांचा पहाडी आवाज कोंबायला निघालो. दोन वर्षांत गळा खरखरीत झाला आणि गाणे सुटले. दोष भीमसेनांचा नव्हता, माझ्या गळ्याचाही नव्हता. मी त्या गळ्याला कधी विचारलेच नव्हते, की बाबा रे, तुला काय झेपते?

ज्यांनी असे विचारले, त्यांच्या हकिकती आपल्या संगीताच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवण्यासारख्या आहेत. अल्लादिया खाँसाहेबांची घ्या. तरुणपणी अतोनात गायल्याने त्यांचा आवाज बिघडला आणि मूळचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. दुसरा एखादा हाय खाऊन बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला शोभेल अशी पेचदार, लयीशी बांधलेली, अनवट रागांत रमणारी गायकी घडविली. आणि पुढे कोल्हापूर-मुंबईच्या रसिकांनी ती डोक्यावर घेतली. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’ ह्या १९६१ सालच्या पुस्तकात घराण्याचे नाते मूळ पुरुषाच्या आवाजाच्या धर्माशी जोडले आहे, ते अशा उदाहरणांमुळे चटकन पटते.

पण गंमत पुढेच आहे. बसलेल्या गळ्यातून निघालेली ही गायकी केसरबाई केरकरांकडे गेली. केसरबाईंचा आवाज रुंद, भरदार, तिन्ही सप्तकांत सारख्या तेजाने फिरणारा. त्याच गायकीने मोगूबाई कुर्डीकरांच्या गळ्यात वेगळे, अधिक संयत रूप घेतले. आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरीताईंनी तर तिला आलापाच्या अशा वाटेने नेले, की जुन्या जाणत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गायकी वारशाने मिळते. गळा वारशात येत नाही. वारसा आपल्या गळ्याच्या मापाने बेतून घ्यावा लागतो. थोरल्याचा सदरा धाकट्याने तसाच घातला तर लोक सदऱ्याकडे पाहतात, पोराकडे पाहत नाहीत.

किराण्याच्या घरातही हेच दिसते. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार आणि कमालीचा सुरेल. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर. एकाच गुरूचे हे तीन शिष्य एकामागून एक ऐका. भीमसेनांचा मेघगर्जनेसारखा, गंगूबाईंचा खर्जाचा, ठाम, आणि दस्तुरांचा हळुवार, खाँसाहेबांच्या सर्वांत जवळचा. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी हुबळी’ ह्या नावाने निघाल्या. त्यांत ऐकू येणारा आवाज चढा आणि बारीक आहे. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज पुरुषी वाटावा इतका जाड झाला. बाईच्या गळ्याला हे शोभत नाही, अशी कुजबुज त्या काळी झाली नसेल असे कोण म्हणेल? परंतु त्यांनी तो आवाज लपविला नाही किंवा ओढून-ताणून पातळ केला नाही. त्याच्याच जोरावर विलंबित खयाल त्यांनी असा उभा केला, की आज तो आवाज नसता तर त्यांचे गाणे कसे असते ह्याची कल्पनाही करवत नाही.

मात्र ह्या साऱ्यांत मला शिरोमणी वाटते ती कुमारांचीच हकिकत. क्षयाची बाधा झाल्यावर हवापालटासाठी १९४८ साली ते देवासला गेले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. पाच-सहा वर्षे बिछान्यावर पडून त्यांनी एकच काम केले : ऐकले. खिडकीबाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या माणसांची गाणी ऐकली, ती मनात साठविली, त्यांतून रागांची बीजे वेचली. उठले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले. लांब पल्ल्याची तान घेण्याइतका दमसास नाही. मग त्यांनी लहान लहान स्वरसमूह, अचानक उमटणारे बाणासारखे स्वर आणि मधली बोलकी शांतता ह्यांतून गाणे रचले. लहानपणी ज्याला कुणाचाही गळा काढता येत होता, त्याला स्वतःचा गळा सापडला तो दुखण्याने सगळे उसने काढून घेतल्यावर.

आणि ह्याच कुमारांनी पुढे बालगंधर्वांची पदे गाण्याचा कार्यक्रम केला, त्याचे नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘मला उमजलेले’ हे दोन शब्द प्रत्येक होतकरू गायकाने तानपुऱ्याच्या गवसणीवर शिवून घ्यावेत! बालगंधर्वांची नक्कल तर महाराष्ट्रात घरोघरी झाली. नकलाकारांनी काय उचलले? लाडिक उच्चार, शब्दाच्या शेवटचा हेलकावा, पदरासारखी सावरून घेतलेली मुरकी. म्हणजे वरची साय. बालगंधर्व भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत वाढलेले. शब्द न मोडता लयीशी खेळणे आणि समेवर इतक्या सहजपणे येणे, की ती आली हे कळूच नये, हे त्यांच्या गाण्याचे खरे दूध. कुमार त्या दुधाकडे गेले. पद बालगंधर्वांचे, आवाज निःसंशय कुमारांचा, आणि तरीही बालगंधर्व अधिकच उमजतात. काही जुन्या रसिकांना ते रुचले नाही, ह्याचे मला नवल वाटत नाही. त्यांना आठवण हवी होती. कुमारांनी अर्थ दिला.

चित्रपटातल्या गाण्यातही हाच न्याय चालतो. मुकेश १९४५ साली ‘पहिली नजर’मध्ये गायले तेव्हा ते सैगलच वाटले; किशोरकुमारांची सुरुवातही सैगलच्याच छायेत झाली. ती छाया अंगावरून उतरली तेव्हा कुठे दोघेही घरोघरी पोहोचले. खुद्द लताबाईंच्या आरंभीच्या गाण्यांवर नूरजहाँची छाप आहे. त्यांचा आवाज ‘फार पातळ’ म्हणून नाकारला गेल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. १९४९ साली ‘महल’चे गाणे गाजले आणि तोच पातळपणा मायक्रोफोनच्या युगाचे माप ठरला. मग सगळ्या मुली त्या मापात बसायला धावल्या. त्याच घरातल्या, त्याच वडिलांच्या गाण्यावर वाढलेल्या आशाबाईंनी मात्र थोरल्या बहिणीची प्रतिकृती व्हायचे नाकारले आणि शब्दाला बोलके करणारी निराळी वाट काढली. लताबाईंच्या अगदी शेजारी उभे राहून हे करणे, ह्याला केवढे धैर्य लागले असेल!

आता माझ्या नातीला आणि तिच्यासारख्यांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, आपला षड्ज शोधा. तयार वाद्यसंगीतावर गाताना आपण मूळ गायिकेची पट्टी निमूटपणे पत्करतो, आणि बहुतेक गळे तिथेच फाटतात. तानपुरा लावा. खालचा पंचम घशावर दाब न देता लागतो का आणि वरचा मध्यम-पंचम न किंचाळता लागतो का, हे पाहून मधला ‘सा’ ठरवा. ढोबळ मानाने पुरुषांची पट्टी काळी एक-दोनच्या आसपास आणि बायकांची काळी चार-पाचच्या आसपास येते. पण हा ठोकताळा आहे, शिक्का नव्हे. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटत असेल तेव्हा तर पट्टीचा हट्ट मुळीच धरू नये. आवाज बसला तर गप्प राहावे. दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर आल्याचा रस पुरे करून डॉक्टरांना गळा दाखवावा.

दुसरी, नक्कल खुशाल करा, पण एकाचीच करू नका आणि कारण विचारल्यावाचून करू नका. ही हरकत इथेच का घेतली? श्वास ह्याच शब्दानंतर का? कारण कळले, की तेच काम आपल्या गळ्याने दुसऱ्या रीतीने करता येते. भीमसेनांच्या गाण्यात केसरबाई आणि अमीर खाँ ह्यांच्याकडून काय आले, हे जाणकार ओळखतात. पण ते भीमसेनांच्या भट्टीतून वितळून आलेले असते.

तिसरी, स्वतःला ऐका. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आहे त्यापेक्षा भरदार वाटतो आणि ध्वनिमुद्रण ऐकले की आपण चमकतो. ‘शी, हा माझा आवाज?’ असे वाटते. तोच तुमचा आवाज. महिनाभर रोज ऐका. लाज ओसरली, की त्यात चांगले काय आहे तेही ऐकू येऊ लागेल.

चौथी, पद गाण्यापूर्वी घरातल्या माणसाशी बोलावे तसे बोलून पाहा. गाताना आपण उसना आवाज लावतो. आईला हाक मारताना लावत नाही. त्या हाकेतला आवाज सुरात यावा, एवढ्यासाठीच सगळी मेहनत आहे.

ह्या उपायांना वेळ लागतो, आणि तो देण्याची आजच्या स्पर्धांची रीत नाही. तिथे दीड मिनिटात परीक्षकांना थक्क करायचे असते, आणि थक्क करण्याचा सोपा मार्ग हुबेहूबपणाचा. पण आता हुबेहूब गाणे संगणकही करू लागला आहे. दिवंगत गायकाचा गळा तो हवा त्या गाण्यावर चढवून देतो. ज्या गोष्टीत यंत्र आपल्याला सहज हरवील, तिच्यासाठी कोवळे गळे झिजवावेत काय, ह्याचा विचार पालकांनी आणि टाळ्या वाजविणाऱ्या आपण सर्वांनी करावयास हवा. ‘हुबेहूब!’ हा शब्द मी तरी आता जपून वापरणार आहे.

नातीने पट्टी चार स्वरांनी खाली आणली आहे. परवा संध्याकाळी तेच गाणे ती नुसत्या तानपुऱ्यावर म्हणत होती. दोन हरकती गळाल्या होत्या. एक ओळ तिने सरळच म्हटली. संपल्यावर म्हणाली, “आजोबा, फारच साधे वाटते, नाही? ह्याला कुणी टाळ्या वाजवणार नाही.”

स्वयंपाकघरात तिची आजी चकल्या पाडत होती. ती तिथूनच म्हणाली, “अगं, ती मधली ओळ पुन्हा म्हण. आज पहिल्यांदा शब्द कळले मला.”