'चंद्रराव' म्हणजे नेमका कोण?

माझ्या पहिल्या आराखड्यात एक वाक्य होतं: 'जावळीवर चंद्रराव मोरे याची सत्ता होती.' गाईडनी 'चंद्रराव'भोवती लाल गोल केला आणि शेजारी एकच शब्द लिहिला: 'कितवा?' महाड-पोलादपुरात फिरून वर्ष झालं होतं, तरी मला हा प्रश्न पडला नव्हता.

चंद्रराव हे नाव नव्हे. तो आदिलशाहीने दिलेला किताब. गादीवर बसेल त्याचा. कागदात नुसतं 'चंद्रराव' दिसलं की पद कळतं, माणूस नाही. मोऱ्यांवरच्या लेखनातला बराच गोंधळ मला तरी इथूनच सुरू झालेला दिसतो.

आता ग्रँट डफ घ्या. 1826 च्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात मोरे घराण्याची हकीकत अगदी नेटकी येते. कर्नाटकातला एक मोरे नाईक, यूसुफ आदिलशहाने दिलेली बारा हजारांची फौज, नीरा-वारणेमधला डोंगराळ मुलूख, शिर्क्यांची हकालपट्टी, मग किताब. मुलाने परिंड्याजवळ बुऱ्हाण निजामशहाच्या फौजेकडून हिरवं निशाण जिंकलं, ते मिरवण्याची परवानगी मिळाली. पुढे सात पिढ्या सत्ता. यूसुफ वारला 1510 मध्ये आणि जावळी पडली 1656 मध्ये. सातांनी भागा, पिढीला साधारण एकवीस वर्षं येतात. हिशेब बसतो, म्हणून आपण खूश होतो! पण वतनदार घराण्यात गादी भावाकडे जाते, दत्तकाकडे जाते. सात माणसं गादीवर बसली म्हणजे सात पिढ्या झाल्या असं होत नाही. आणि निशाणाची गोष्ट मुख्यतः एक मान सांगते: हे निशाण आमच्याकडे का? डफ साताऱ्यात राहिलेला, घराण्यांच्या हकीकती त्याच्या कानावर येणारच. त्याचा परिच्छेद वाचताना घराण्याचा आवाज ऐकू यायला हवा.

खरी कसोटी 1656 ची. सभासद बखरीत रघुनाथ बल्लाळ बोलणी करायला म्हणून जातो आणि जावळीतच चंद्ररावाला कट्यारीने मारतो. जेधे शकावलीत जावळी घेतल्याची नोंद आहे, आणि नंतर वैशाखात रायरी घेतली तेव्हा सिलीमकरांच्या मध्यस्थीने चंद्रराव किल्ल्याखाली उतरला, अशीही. रायरी म्हणजे आपला रायगड. मेलेला माणूस गडावरून उतरेल कसा? एकतर दोन चंद्रराव आहेत, नाहीतर दोनांतली एक हकीकत चुकलेली आहे. हा प्रश्न किरकोळ नाही. दग्याने खून झाला की वेढा देऊन शरण आणलं, हा वाद आजही तापतो, आणि आपण कुठला चंद्रराव धरतो त्यावर त्याचं उत्तर बदलतं. मी शकावलीकडे झुकतो: कोरडी नोंद आहे, त्यात संवाद नाहीत. पण हां, तीही एका देशमुख घराण्याचेच कागद. जेध्यांना मावळातल्या देशमुखांची मध्यस्थी नोंदवावीशी वाटणं साहजिक आहे.

मोऱ्यांच्या बखरीतली ती ठसकेबाज पत्रं तर सगळ्यांना पाठ असतात. ती बखरीतल्या नकलेतून आलेली आहेत, हे तळटीपेत लिहायला विसरू नका.

घराण्याचा इतिहास हक्क अडचणीत आला की लिहिला जातो, हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्समध्ये 1666 पासून चौदाव्या लुईच्या अधिकाऱ्यांनी उमरावांकडे पुरावे मागितले. उमराव ठरला तर करमाफी! मग बनावट वंशावळीही निघाल्या. आपल्याकडे करमाफीच्या जागी वतन ठेवा.

माझी या सगळ्या साधनांवर तक्रार वेगळीच आहे. निशाण आहे, कट्यार आहे, पण घाट नाही. महाडच्या बंदरातून सावित्रीच्या खोऱ्याने पोलादपूर, तिथून पार घाट चढून वाई; ही वाट ज्याच्या हातात, त्याला जावळीचं जंगल पुरेसं होतं. पोलादपूरहून पारकडे एकदा चालत जाऊन बघा.

आराखड्यात आता 'चंद्रराव (सभासद)' आणि 'चंद्रराव (शकावली, रायरी)' असे दोन रकाने आहेत. तक्ता दिसायला कुरूप झालाय, पण गाईडनी लाल पेन काढलं नाही.