डोके नसलेल्या प्राण्याचे चित्र

इंदूर-इच्छापूर रस्ता ट्रकवाल्यांना तोंडपाठ असतो. इंदुरातून निघून तो मोरटक्क्याला नर्मदा ओलांडतो, खंडवा आणि बऱ्हाणपूर मागे टाकतो आणि इच्छादेवीच्या टेकडीपाशी महाराष्ट्राच्या वेशीवर येतो. पुढे मुक्ताईनगर. आजूबाजूला केळीच्या बागा, कपाशी आणि काळीभोर जमीन. ही माती ज्या दगडाची झीज होऊन तयार झाली तो दख्खनचा लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर ओतला गेला आणि त्या वेळचे जग त्याने झाकून टाकले. इच्छापूरकडे हे झाकण जाड आहे. खालचे जग पाहायचे तर लाव्हा झिजून गेला आहे तिथे जावे लागते: उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात, धारपासून जबलपूरपर्यंत, नाहीतर पूर्वेला वरोऱ्याच्या बाजूला, चंद्रपूर जिल्ह्यात. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून या खडकांना लमेटा हे नाव पडले. मध्य भारतातल्या डायनासोरांची बहुतेक ओळख या खडकांतूनच झाली आहे.

ओळख म्हणजे मात्र चेहरा नव्हे. शाळेच्या भिंतीवर, उद्यानातल्या सिमेंटच्या पुतळ्यांत किंवा पाठ्यपुस्तकात जे डायनासोर दिसतात त्यांना डोळे असतात, कातडी असते, रंग असतो. लमेटाच्या खडकांत यातले जवळजवळ काहीही उरलेले नाही. मग हे प्राणी दिसतात ते कोणाच्या अंगाने?

राजासोरसचेच पाहू. भारतीय डायनासोरांत सर्वाधिक चितारला गेलेला हा मांसाहारी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ ते १९८४ या काळात गुजरातमधल्या रहिओली गावी त्याची हाडे गोळा केली. हाडे उचलण्याआधी कोणते हाड कुठे पडले होते याचा तपशीलवार नकाशा त्यांनी काढून ठेवला. राजासोरसचे पहिले चित्र हा नकाशाच, असे म्हणायला हरकत नाही. पुढे जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी विखुरलेली हाडे एकाच प्राण्याची म्हणून जुळवली ती या नकाशाच्या आधाराने, आणि २००३ साली ‘राजासोरस नर्मदेन्सिस’ हे नाव जाहीर झाले.

हाती आलेल्या हाडांत मेंदूभोवतीचा आणि कवटीच्या छताचा भाग होता. पाठीचे आणि शेपटीचे काही मणके होते, कमरेची आणि मागच्या पायांची हाडे होती. कवटीवर एक बुटका, गोलसर उंचवटा आहे. तेच ते प्रसिद्ध शिंग. आता पोळ्याला रंगवलेले बैलाचे शिंग आठवावे. वरून दिसते ते आवरण नखांच्या जातीचे असते, हाडाचा गाभा आत दडलेला असतो आणि तो शिंगापेक्षा आखूड असतो. आवरण कुजते, गाभा दगड होतो. म्हणजे राजासोरसच्या हाती आलेल्या उंचवट्यावर जिवंतपणी काय होते, बोटभर जाडीचा खरखरीत थर की त्याहून उंच काही, हे हाड एकटे सांगू शकत नाही. चित्रकाराला मात्र रेषा कुठेतरी थांबवावीच लागते.

बाकीचे अंग उसने आहे. राजासोरस ज्या आबेलिसॉरिड कुळातला, त्याच कुळातल्या मादागास्करच्या माजुंगासोरसची हाडे कितीतरी अधिक पूर्ण आहेत. अर्जेंटिनातला कार्नोटॉरस १९८५ साली वर्णिला गेला तो कातडीच्या ठशांसह. राजासोरसच्या चित्रातले आखूड, जवळजवळ निकामी हात आणि अंगावरचे बारीक खवले, मधूनच मोठा उंचवटा असलेले, हे मुख्यतः या दोन नातलगांकडून आले आहेत. हे उसने घेणे गैर नाही. भारत, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी एकाच महाखंडाचे तुकडे होते, आणि चुलतभावांवरून माणसाची चण ओळखावी तसा हा तर्क आहे. पण लांबीचे अंदाजच साडेसहा मीटरपासून नऊ मीटरपर्यंत पसरलेले आहेत. पुतळा घडवणाऱ्याला यातला एकच आकडा निवडावा लागतो, आणि पुतळ्याखालच्या पाटीवर तो निवडलेला आहे हे सहसा लिहिलेले नसते. या कलेचा पहिला दोष म्हणजे सापडलेले आणि उसने घेतलेले यांमधल्या शिवणीची ही लपवालपवी.

शिवण लपली की काय होते याचा भारतातला जुना धडा जबलपूरचा आहे. चार्ल्स मॅटली यांनी तिथल्या बारा सिमला टेकडीवर खोदकाम केले आणि १९२३ साली ‘लमेटासोरस’ हा चिलखती डायनासोर जाहीर केला. पाय आणि कंबर एकीकडे, पाठीवरच्या हाडांच्या ढलप्या दुसरीकडे, आणि जोडून एक प्राणी. नंतरच्या अभ्यासकांनी ती गाठ सोडवली: पाय मांसाहारी डायनासोरचे होते, ढलप्या वेगळ्याच प्राण्याच्या. लांब मानेच्या टायटॅनोसॉर कुळातही अशा ढलप्या असतात, हे अर्जेंटिनातल्या सॉल्टासोरसने १९८० साली दाखवून दिले. भारतातली अशी पहिली निःसंशय ढलपी २००९ मध्ये नोंदली गेली. मॅटलींची चूक आळशीपणाची नव्हती. एका जागी सापडलेले सगळे एकाचेच, असे समजणे सोपे असते. जुळणी त्याआधी इंग्लंडमध्येही चुकली होती: इग्वानोडॉनच्या अंगठ्याचा काटा १८५४ सालच्या क्रिस्टल पॅलेसच्या पुतळ्यांत नाकावर बसला होता, आणि १८७८ साली बेल्जियममधल्या बेर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत सलग सांगाडे सापडले तेव्हा तो हातावर परत गेला.

महाराष्ट्राचा स्वतःचा मामला याहून गुंतागुंतीचा, आणि याच लेखाच्या मुळाशी असलेला. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन यांनी १९८४ ते १९८६ या काळात एका शाकाहारी डायनासोरचा सांगाडा बाहेर काढला. जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन छापले. २००३ मध्ये विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी त्याला ‘इसिसोरस’ हे वेगळे नाव दिले. नावातली आद्याक्षरे सांख्यिकी संस्थेची आहेत. डोंगरगावच्या या सांगाड्यात मान, पाठ आणि शेपटीचे मणके आहेत, खांद्याची आणि कमरेची हाडे आहेत, पुढच्या पायाची हाडे आहेत. दंडाचे हाड सुमारे दीड मीटर लांब आहे, म्हणजे उभे केले तर सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याहून उंच. हा भारतातल्या टायटॅनोसॉर सांगाड्यांत सर्वांत भरघोस मानला जातो.

त्यात कवटी नाही. मागचे पाय नाहीत. पावले नाहीत.

तरीही इसिसोरसची एक ठरलेली आकृती जगभर फिरते. मान आखूड आणि जाड, खांदा उंच, पाठ मागे उतरत गेलेली, जणू तरसाची ठेवण. आखूड मान खरी आहे, तिचे मणके हाती आहेत. लांब पुढचे पायही खरे. पण पाठ किती उतरती ते पुढच्या आणि मागच्या पायांच्या उंचीतल्या फरकावर अवलंबून असते, आणि मागचे पाय तर सापडलेलेच नाहीत. म्हणजे चित्रातली सर्वांत लक्षात राहणारी रेषा सर्वांत कमी पुराव्यावर उभी आहे. चित्रकाराने ती काढू नये असे नाही. तिथे रेषा तुटक काढण्याची सोय या कलेला हवी आहे, जशी वास्तुशिल्पाच्या नकाशात पडलेली भिंत तुटक रेषेने दाखवतात.

डोक्याच्या बाबतीत इसिसोरस एकटा नाही. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचाच्या बाजूच्या कोटा थरात, बारापासोरस या लांब मानेच्या डायनासोरची सुमारे तीनशे हाडे सापडली, निदान सहा प्राण्यांची. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून त्याला ‘टागोरी’ हे नाव मिळाले. कोलकात्यात त्याचा उभा सांगाडा आहे. दात मिळाले, कवटी नाही. लांब मानेच्या प्राण्यांची कवटी हलकी, नाजूक, मानेच्या टोकाला सैल जोडलेली. मेल्यावर सर्वांत आधी गळून वाहून जाते ती तीच.

मग मांस, स्नायू, ओठ, रंग हे चित्रकार आणतो कुठून? पहिला आधार हाडावरचेच व्रण: स्नायू जिथे चिकटतो तिथे हाड खडबडीत होते. दुसरा आधार जिवंत नातलग. मगर आणि पक्षी या दोन्ही टोकांना एखादा अवयव असेल तर मधल्या डायनासोरलाही तो असणार, असा हा हिशेब. अमेरिकी अभ्यासक लॉरेन्स विटमर यांनी १९९५ मध्ये त्याला शिस्त दिली. दारातली कोंबडी आणि तापीच्या डोहातली मगर मिळून एवढी मोठी साक्ष देतात. रंगाबाबत २०१० पासून चीनमधल्या पिसांच्या जीवाश्मांतले रंगकण वाचता येऊ लागले आणि सिनोसॉरोप्टेरिक्सची शेपटी तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची ठरली. लमेटातल्या टायटॅनोसॉरांसाठी सर्वांत जवळचा दाखला अर्जेंटिनातल्या औका माहुएवोचा: १९९८ साली तिथल्या अंड्यांतल्या गर्भांच्या कातडीवर खवल्यांची नक्षी नोंदली गेली. चितारण्याच्या शैलीतही बदल झाला. जॉन कॉन्वे, सी. एम. कोसेमन आणि डॅरन नेश यांच्या २०१२ सालच्या ‘ऑल यस्टरडेज’ या पुस्तकाने हाडांवर कातडी ताणून बसवण्याच्या सवयीवर नेमके बोट ठेवले. आजच्या प्राण्यांची हाडे अशीच ताणून झाकली तर हत्तीची सोंड आणि बैलाचे वशिंड दोन्ही नाहीशी होतील.

आणि इथेच भारतीय चित्रांची मोठी उणीव दिसते. या देशातला पुरावा सांगाड्यांत तोकडा असला तरी परिसराच्या बाबतीत जगात क्वचितच कुठे मिळेल असा समृद्ध आहे. पण चित्रे मात्र एकट्या गर्जणाऱ्या प्राण्याचीच निघत राहिली.

डोंगरगावपासून जवळ असलेले पिसदुरा पाहा. तिथे शेतांत दगड झालेले शेणाचे गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ साली त्यांतले वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण तपासले. त्यांत ताडवर्गीय झाडे होती, सूचीपर्णी होते आणि गवत होते. गवत डायनासोर संपल्यावर आले, हे तोवरचे ठाम मत या गोळ्यांनी मोडले. जगभरच्या चित्रकारांना डायनासोरच्या पायांखाली गवत काढायला मनाई होती. विदर्भातल्या शेणाने ती उठवली. अर्थात गवत हा आहाराचा लहान भाग होता, म्हणून सगळीकडे हिरवे कुरण पसरवणे तितकेच चूक. झुडपांमधून मधूनमधून उगवलेले झुबके, इतकेच काढता येते. पण तेवढे तरी किती चित्रांत दिसते?

नर्मदेच्या खोऱ्यातली अंडीही अशीच. धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षीच्या परिसरात हर्षा धिमान, गुंटुपल्ली प्रसाद, विशाल वर्मा आणि सहकाऱ्यांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. घरटी इतकी दाटीने आहेत की एवढ्या अवाढव्य आईला मधून फिरायला जागा उरत नाही. अंडी उथळ खड्ड्यांत घालून पुरली जात आणि आई निघून जात असावी, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. घरट्यापाशी मान वाकवून उभी असलेली आई हे चित्र कितीही गोड वाटले तरी धारच्या जमिनीशी ते जुळत नाही.

भारतातल्या जीवाश्मांवरून झालेले या कलेचे सर्वांत पक्के काम एका सापाचे आहे. गुजरातमधल्या ढोली डुंगरीला धनंजय मोहबे यांनी अंडी आणि काही लहान हाडे असलेला दगड शोधला. ती हाडे अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या डायनासोरच्या पिल्लाची वाटली. २००१ मध्ये विल्सन यांच्या लक्षात आले की त्यांतले मणके सापाचे आहेत. २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ जाहीर झाला: साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला, बाजूला अर्धा मीटरचे पिल्लू. शिल्पकार टायलर केइलर यांनी तो क्षण मूर्तीत उभा केला. सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा फाकत नव्हता, म्हणून अख्खे अंडे गिळणे त्याला शक्य नव्हते; तो बाहेर पडणाऱ्या पिल्लावर टपला होता. त्या मूर्तीत गर्जना नाही. साप, अंडे, पिल्लू, तिघांची जागा दगडानेच ठरवून दिली आहे.

चंद्रपूरच्या गाळाचे असे चित्र अजून काढायचे आहे. पिसदुऱ्याने त्यासाठी पुष्कळ दिले आहे: गोड्या पाण्याच्या गोगलगाई, कासवांची कवचे, मासे, ताडाचे कण, गवताचे झुबके, जागोजागी पडलेले शेण. त्यात पाणथळाच्या कडेला इसिसोरस उभा करावा. पुढचे पाय लांब, स्वच्छ उजेडात, कारण त्यांची हाडे हाती आहेत. मागचे पाय पोटापर्यंत चिखलपाण्यात बुडालेले. मान आखूड आणि जाड, ताडाच्या झावळ्यांत शिरलेली, आणि झावळ्या खसाखसा हलताहेत; डोके कुठेतरी आत आहे.