शंभराचा आकडा

कादंबरीतल्या पात्राच्या हातून घडणारे पाप वाचक पाहतो, व्हिडिओ गेम खेळणारा मात्र ते स्वतः करतो, असे नेहमी म्हटले जाते. विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. बटण मी दाबले म्हणून निर्णय माझा ठरतो का? ब्लिझर्ड कंपनीच्या ‘वॉरक्राफ्ट ३: रेन ऑफ केऑस’ (२००२) या खेळात हा प्रश्न उभा राहतो तो संवादांपेक्षाही खेळाच्या अवघडपणातून.

हा ‘रिअल टाइम स्ट्रॅटेजी’ जातीचा खेळ. बुद्धिबळात आपली खेळी होईपर्यंत पट थांबतो. इथे थांबत नाही. खाणीतून सोने आणायचे, लाकूड तोडायचे, बराकी बांधायच्या आणि त्याच वेळी लढायचेही. त्यामुळे डावपेच म्हणजे मुख्यतः लक्षाची वाटणी: आधी कुठे पाहायचे आणि कशाकडे काणाडोळा करायचा. शिवाय सैन्य वाढले की ‘अपकीप’ नावाची कपात लागते. खाणीतून येणारी १० सोन्याची खेप आधी ७ वर आणि मग ४ वर उतरते. नुसती फौज फुगवण्यात शहाणपण उरत नाही. मोजकी माणसे घ्या, जखमी सैनिकाला वेळेत मागे काढा, नायकाला जपा, हे खेळ हळूहळू अंगवळणी पाडतो. एकेका सैनिकाचा जीव मोलाचा वाटू लागतो.

हे शिकत असताना आपण लॉर्डेरॉनचा राजपुत्र आर्थस याच्या बाजूने लढत असतो. शापित धान्य खाणारी माणसे प्रेतसैनिक होऊन उठत आहेत. हार्थग्लेन गावात ३० मिनिटे तग धरायची असते. घड्याळ सरकते, तटबंदी ढासळत जाते, आणि आपण पुण्याच्या बाजूला आहोत याबद्दल शंका येत नाही.

पुढचे नगर स्ट्रॅथोम. तिथे धान्य आधीच पोचले आहे. नगरवासी पालटण्याआधीच त्यांना मारायचे, असे आर्थस ठरवतो. त्याला घडवणारा उथर ठाम नकार देतो. जेना त्याच्यासोबत निघून जाते. खेळणाऱ्याला मात्र निघून जाण्याची सोय नाही. नगरात मालगॅनिस हा दैत्य माणसांना आपल्या फौजेत ओढत असतो. १०० चा आकडा जो आधी गाठेल, त्याची सरशी. पडद्यावर दोघांचे आकडे चढत राहतात.

पहिल्यांदा हा टप्पा खेळताना मी अपराधाचा विचार केला नाही. कोणती गल्ली आधी घ्यायची, तुकडी एकत्र ठेवायची की दुभागायची, याचाच विचार केला. घर पाडले की माणसे बाहेर येतात. ती मारली की आकडा पुढे सरकतो. उथरचे बोलणे विसरलो नव्हतो, त्याला सवड नव्हती. आर्थसच्या मनाची अवस्था नेमकी हीच आहे आणि ती मला कोणी वर्णन करून सांगितली नाही. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा निजलेल्यांवर तुटून पडतो, तेव्हा आपल्याला हळहळायला अवकाश असतो. इथे तो अवकाशच काढून घेतला आहे.

याचा पडताळा खेळच देतो. हरलात तर काठिण्यपातळी कमी करून पुन्हा खेळण्याची मुभा मिळते. सोप्या पातळीवर मी हा टप्पा पुन्हा खेळलो. आता उसंत होती. पाडलेल्या घरातून बाहेर आलेला माणूस अजून माणूसच आहे, हे या वेळी दिसले. संवाद तेच, नगर तेच, अर्थ मात्र पालटला. काठिण्यपातळीकडे आपण खेळणाऱ्याची सोय म्हणून पाहतो. इथे ती संहितेचाच भाग होते.

नकाराची वाटच ठेवली नसेल तर हा अपराध लादलेला आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. ‘थांबा’ म्हणण्याचा एखादा मार्ग असता, भले तो हरण्याकडे नेणारा का असेना, तर हा टप्पा अधिक धाडसी ठरला असता. तरीही निवडीच्या अपराधापेक्षा कौशल्याच्या अपराधाबद्दल या खेळाला अधिक कळते, असे मला वाटते.

कारण स्ट्रॅथोमनंतर ते कौशल्य वाया जात नाही. आर्थस शापित तलवार उचलतो, बापाला मारतो, आणि पुढच्या मोहिमेत आपण त्याच्याच प्रेतसेनेचे नेतृत्व करतो. बापाच्या अस्थिकलशासाठी त्याला उथरला ठार करावे लागते. स्ट्रॅथोमला नाही म्हणणारा तो माणूस आता समोरच्या गर्दीतले एक लक्ष्य असतो. मी जखमींना मागे काढले, नायकाला जपले, घाई केली नाही. हार्थग्लेन वाचवताना शिकलेले सगळे उपयोगी पडले.