‘इंडिका’ ह्या संज्ञेचे स्थलांतर आणि संकरांची वंशावळ

गांजाच्या संकरित वाणांचे कूळ सांगताना ‘७० टक्के इंडिका, ३० टक्के सटायव्हा’ अशी भाषा सर्रास वापरली जाते. दोन निश्चित कुळांचा अंश येथे तोलून दाखविला आहे, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः तोलली जातात ती दोन नावे. आणि त्या नावांचा अर्थ मध्यंतरी पालटला, ह्याची दखल वंशावळकार घेत नाहीत.

लिनीयसने १७५३ साली ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव रूढ केले, तेव्हा त्याच्यासमोर युरोपात धाग्यासाठी लावली जाणारी वनस्पती होती. लामार्कने १७८५ साली ‘इंडिका’ ही निराळी जाती मानली, ती सोनराने भारतातून आणलेल्या नमुन्यांवरून. कठीण खोड, अरुंद पर्णिका आणि उग्र वास ही तिची लक्षणे. म्हणजे मूळची ‘इंडिका’ ती भारतीय गांजाचीच. पुढे १९७४ मध्ये शुल्टेस व त्याचे सहकारी आणि १९८० मध्ये अँडरसन ह्यांनी हे नाव अफगाणिस्तानातील बुटक्या, रुंद पानांच्या झाडांना लावले. परिणामी भारतीय वंशाच्या अरुंद पानांच्या झाडांकडे उरले ते युरोपीय धाग्याच्या झाडाचे नाव! जमेकात गिरमिट्या मजुरांबरोबर ‘गांजा’ हा शब्द गेला व तेथे टिकला. पण तेथील वाणाची नोंद मात्र ‘सटायव्हा’ अशी होते.

हा घोळ केवळ शाब्दिक असता, तर तो सोडून देता आला असता. परंतु १९७० नंतर कॅलिफोर्नियात व पुढे हॉलंडमध्ये अफगाण, मेक्सिकन व कोलंबियन बियांचे मनमुराद संकर झाले; ‘स्कंक क्रमांक १’ ह्याची वंशकथा अशाच तिहेरी संकराची सांगतात. ह्या कथा बहुतांशी तोंडी चालत आलेल्या आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात ‘जमेकन लॅम्ब्स ब्रेड’ हा शंभर टक्के ‘सटायव्हा’ म्हणविणारा नमुना अफगाणिस्तानातील एका ‘इंडिका’ नमुन्याशी जवळजवळ एकरूप आढळला. भाषाकुळे ठरविताना केवळ नामसादृश्यावर विसंबणाऱ्या अभ्यासकाची जी फसगत होते, तीच ही.

क्लार्क व मर्लिन ह्यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात ‘अरुंदपर्णी’ व ‘रुंदपर्णी’ असे शब्द योजून मार्ग काढला. शब्द स्वच्छ आहेत, पण उपाय अपुरा आहे. पानाची रुंदी हे रूप आहे, कूळ नव्हे. संकरानंतर तर ती पूर्वजांची साक्षही खात्रीने देत नाही. मॅकपार्टलंड व स्मॉल ह्यांनी २०२० मध्ये दक्षिण आशियाई वाणास ‘इंडिका’ हे नाव परत दिले आणि मध्य आशियाई वाणास ‘अफगानिका’ म्हटले. ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. तिच्यात फळाभोवतालच्या सहपत्रासारखी लक्षणेही जमेस धरली आहेत, आणि हे मूळ वाण संकरामुळे नष्ट होऊ घातले आहेत, हा इशाराही दिला आहे. संकरच ‘इंडिका’ म्हणून विकला जात असता मूळ ‘इंडिका’ शेतातून नाहीशी झाली, तर नोंदवहीत तिची उणीव दिसणारही नाही.