मक्याच्या प्लॅस्टिकचा ताळेबंद

‘वनस्पतींपासून केलेले, म्हणून पर्यावरणाला पोषक’ अशा अर्थाचा मजकूर हल्ली पिशव्यांवर आणि पेल्यांवर छापलेला दिसतो. विद्यार्थी तो वाचतात आणि खरा मानतात. त्यातला ‘म्हणून’ तपासायचा असेल, तर ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या ऑगस्ट २००० च्या अंकातील टिलमन गर्नग्रॉस आणि स्टीव्हन स्लेटर यांचा लेख आजही वाचण्यासारखा आहे. जैविक मार्गाने प्लॅस्टिक तयार करण्याच्या संशोधनात दोघांनीही काम केले होते. तरीही आपल्याच विषयाचा हिशेब त्यांनी कठोरपणे मांडला, हे विशेष.

मक्याच्या रोपातच पीएचए हे प्लॅस्टिक तयार व्हावे, असे प्रयत्न १९९० च्या दशकात झाले. ऊन फुकटचे, कार्बन हवेतला. मग खर्च कसला? खर्च आहे तो रोपातून प्लॅस्टिक वेगळे काढण्याचा. मक्याची ताटे वाळवायची, द्रावकात प्लॅस्टिक विरघळवायचे, मग तो द्रावक परत मिळवायचा. १ किलो पॉलिएथिलीन तयार करण्यास २९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. रोपातील पीएचएला त्याहून सुमारे ३०० टक्के अधिक, म्हणजे जवळजवळ चौपट, असे लेखक दाखवतात. ही ऊर्जा कोळसा किंवा तेल जाळूनच मिळवली, तर कच्चा माल म्हणून वाचवलेले तेल भट्टीत जाते!

मात्र हा निकाल कायमचा नाही. पिकाचा उरलेला भाग जाळून ऊर्जा मिळवली तर चित्र पालटू शकते, असे लेखकच सांगतात. म्हणजे दोष प्लॅस्टिकपेक्षा इंधनाचा अधिक. याचे उदाहरण पुढे ब्राझीलमध्ये दिसले. तेथे २०१० मध्ये उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिएथिलीन बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला. अल्कोहोल गाळण्यासाठी लागणारी उष्णता तेथे उसाच्या चिपाडातून मिळते.

लेखाचा भर ऊर्जेवर आहे. त्याला कच्च्या मालाच्या हिशेबाची जोड द्यायला हवी, आणि तो वर्गातही करता येतो. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबवले की जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळते. उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. अल्कोहोलमधून पाणी काढून टाकले की ५६ ग्रॅम एथिलीन उरते. म्हणजे १ किलो पॉलिएथिलीनला किमान ३.२ किलो साखर हवी. मक्यापासून बनणाऱ्या पीएलए प्लॅस्टिकला मात्र १.२५ किलो पुरते, कारण साखरेचे लॅक्टिक आम्ल होताना वजन घटत नाही. घट होते ती पुढे पाणी निघून जाताना. जैव प्लॅस्टिक महाग का, याचे एक कारण या आकड्यांत आहे. आणि साखरेमागे जमीन, खत व पाणी येते. उसाला किती पाणी लागते, हे महाराष्ट्रातील शिक्षकांना सांगायला नको.

राहिला कचरा. उसापासून केलेले पॉलिएथिलीन रासायनिकदृष्ट्या तेलापासून केलेल्यासारखेच असते. ते कुजत नाही. पीएलए कुजते, पण त्यासाठी साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानाचे कंपोस्ट लागते. रस्त्याकडेच्या गटारात ते मिळत नाही. शिवाय कुजताना कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन बाहेर पडतो, याकडे लेखकांनी योग्य वेळी लक्ष वेधले. मात्र तुंबलेली गटारे आणि गाईच्या पोटात जाणाऱ्या पिशव्या यांची किंमत मेगाज्यूलमध्ये मांडता येत नाही. न कुजणाऱ्या प्लॅस्टिकच्या खात्यावर तीही लिहावी लागेल.

‘जैव’ हा शब्द केवळ कार्बन कोठून आला ते सांगतो. कोणते इंधन जाळले, किती साखर लागली आणि वापरानंतर वस्तू कोठे गेली, हे तीन प्रश्न मुलांना विचारायला शिकवले, तर वेष्टनावरचे वाक्य ती आपोआप तपासून पाहू लागतील.