स्ट्यूअर्ट घराण्याचा मूळ पुरुष

१३७१ त स्कॉटलंडच्या गादीवर आलेल्या स्ट्यूअर्ट घराण्याची वंशावळ प्रमाणपरीक्षणाच्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. फडणीस, चिटणीस यांप्रमाणें हें आडनांवही हुद्द्यावरून पडलेलें. त्याचा अर्थ राजगृहाचा मुख्य कारभारी. हुद्दा मिळण्यापूर्वीं हें घराणें कोठलें, एवढाच वाद.

हेक्टर बोईस यानें १५२७ त पॅरिस येथें छापविलेल्या लॅटिन इतिहासांत असें लिहिलें कीं, मॅकबेथानें बँको यास मारविलें. बँकोचा पुत्र फ्लीअन्स वेल्समध्यें पळाला. तेथील राजकन्येपासून त्यास वॉल्टर झाला व तो तिसऱ्या माल्कमच्या पदरीं कारभारी बनला. हॉलिन्शेडच्या ग्रंथांतून ही हकीकत शेक्सपीअरच्या नाटकांत गेली आणि लोकांच्या मनांत कायमची बसली.

कालगणनेची कसोटी लावतांच ती ढांसळते. माल्कम १०९३ त वारला. दानपत्रांतून दिसणारा पहिला कारभारी वॉल्टर ११७७ त. दोघे वॉल्टर एकच मानल्यास तो शंभरीस पोंचला असें म्हणावें लागेल. शिवाय सदर वॉल्टर स्वतःस ॲलनचा पुत्र म्हणवितो. आणि बोईसपूर्वीं बँकोचें नांव कोठेंच आढळत नाहीं. राजघराण्यास देशी व प्राचीन पूर्वज मिळवून देण्याचा हेतु येथें उघड दिसतो.

उलट पक्षाचा पुरावा पाहूं. वॉल्टरनें ११६३ च्या सुमारास पेझ्ली येथें मठ स्थापिला, त्यास साधू आणिले ते श्रॉपशरमधील वेनलॉकहून. त्याच श्रॉपशरांत त्याचा भाऊ विल्यम हा ऑसवेस्ट्रीचा सरदार होता. या आधारें चामर्स यानें १८०७ त दोघांचें बंधुत्व दाखविलें; पुढें राउंड यानें १९०१ त ॲलनचा पिता फ्लाड याचें कूळ ब्रिटनी प्रांतांतील दोल येथपर्यंत पोंचविलें. तेथेंही हें कूळ वंशपरंपरेनें कारभारीच होतें! फ्लाड म्हणजेच फ्लीअन्स, असें म्हणणारेही निघाले. परंतु केवळ नामसादृश्य हा पुरावा नव्हे.

थोडक्यांत, राजांचे पूर्वज राजपुत्र नसून परक्या गांवचे नोकर ठरले, आणि तें ठरविलें कोणत्याही सुशोभित वंशवृक्षानें नव्हे, तर जमिनींच्या व चर्चच्या उत्पन्नांच्या रुक्ष दानपत्रांनीं. पेझ्ली मठाचा दानपत्रसंग्रह १८३२ त छापला गेला, म्हणून तीं सर्वांस उपलब्ध झालीं. वंशवृक्ष हा मालकाच्या इच्छेनें लिहिला जातो. दानपत्रांतील साक्षीदारांस पुढील वादाची कल्पनाच नसते. म्हणून दप्तरें चाळतांना संग्राहकांनीं वंशावळ उचलून शेजारचा फाटका ताळेबंद टाकूं नये. वंशावळीची परीक्षा त्याच्याच हातीं असते.